जगन्नाथपुरीला कधी जावं? खानदेशातून जाणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आखाजी आटोपली की फोन सुरू होतात. "अण्णा, पुरीले कव्हय जावानं?" मी भुसावळचा. नोकरीतून मोकळा झाल्यापासून गावातली नि सासुरवाडीची मंडळी घेऊन चार वेळा पुरीला जाऊन आलो. त्यातली एक फेरी साफ चुकली, तिची गोष्ट प्रश्न ६ मध्ये आहे. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

१. फार खोलात न शिरता सांगा, पुरीला जायला सगळ्यात चांगला काळ कोणता?

संक्रांत झाल्यापासून होळीच्या आठ-दहा दिवस आधीपर्यंत. हवा कोरडी आणि सुखाची असते, वादळांचा काळ सरलेला असतो, नाताळ आणि एक जानेवारीची गर्दी पांगलेली असते. आपल्याकडे तोवर कापूस घरात आलेला असतो किंवा विकून झालेला असतो. हे उत्तर ज्यांना देवाचं दर्शन हवंय त्यांच्यासाठी. रथ पाहायचा असेल तर प्रश्न ५ पाहा.

२. आधी तारीख ठरवायची की आधी तिकीट काढायचं?

दोन्हीच्या आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा: देव बघायचा आहे, रथ बघायचा आहे, की मुलांना समुद्र दाखवायचा आहे? तिन्ही एका फेरीत जमवायला निघालेली माणसं तिन्हीला मुकलेली मी पाहिली आहेत. रथाच्या दिवसांत गाभाऱ्यात देव नसतात, पावसाळ्यात समुद्रात उतरता येत नाही, आणि समुद्र सगळ्यात शांत असतो तेव्हा रथ तर नसतोच. हे एकदा ठरलं की महिना आपोआप ठरतो.

३. खानदेशातून गाडी कोणती? किती आधी आरक्षण करायचं?

आपलं नशीब असं की सुरत-भुसावळ मार्ग आपल्या दारातून जातो. गुजरातकडून पुरीला जाणाऱ्या गाड्या, म्हणजे अहमदाबाद-पुरी, सुरत-पुरी वगैरे, नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत नागपूर, रायपूरकडे निघतात. सगळ्या रोज नाहीत, काही आठवड्यातून एकदाच आहेत, आणि प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशनावर थांबेलच असं नाही. तेव्हा वार आणि थांबा आधी बघून घ्या. धुळेकरांनी नरडाणा, अमळनेर किंवा जळगाव गाठावं. प्रवासाला दीड दिवस धरून चला.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही. माघात जायचं तर मार्गशीर्षातच मंडळींची नावं, वयं आणि आधार घेऊन ठेवा. आपल्याकडे ऐनवेळी "आमची जिजा बी येस" असं होतंच, म्हणून दोन जागा जास्तीच्या काढतो.

विमानानं जायचं तर भुवनेश्वरला उतरायचं. तिथून पुरी साधारण ६० किलोमीटर.

४. शाळेला सुट्टी मे महिन्यातच असते. मग मे चालेल का?

चालेल, पण कशासाठी जाताय ते ओळखून जा.

"आमाले उन्हानी सवय शे," असं सगळेच म्हणतात. जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, पुरीत तो एरवी ३२-३४ च्या आसपास राहतो. आकडा वाचून माणूस हरखतो. पण आपलं ऊन कोरडं, घाम अंगावरच वाळतो. तिथं समुद्राची दमट हवा, घाम वाळतच नाही. दुपारी दोन वाजता रांगेत उभं राहिलं की आपला ४४ बरा होता असं वाटायला लागतं. त्यात मंदिरात अनवाणी जायचं, आणि मेमधल्या दुपारी अंगणातला दगड म्हणजे तापलेलं खापरच.

मेमध्ये जायचंच तर पहाटे दर्शन, दुपारी खोली आणि संध्याकाळी नरेंद्र तलाव असा बेत ठेवा. अक्षय्य तृतीयेपासून, म्हणजे आपल्या आखाजीपासून, पुरीत चंदनयात्रा सुरू होते. पहिले २१ दिवस मदनमोहन आणि इतर उत्सवमूर्तींना संध्याकाळी नरेंद्र तलावात नावेतून फिरवतात. त्याच आखाजीला रथांच्या बांधणीचा मुहूर्त होतो आणि मोठ्या रस्त्यावर सुतारकाम सुरू होतं. आपल्याकडे लेकी माहेरी येऊन झोके घेत असतात तेव्हा तिकडे रथाच्या लाकडावर वाकस चालत असतो. मे महिन्यातली ही जमेची बाजू, आणि ती लहान नाही. वादळाचं मात्र प्रश्न १० मध्ये वाचून घ्या.

५. रथयात्रा नेमकी केव्हा असते? दरवर्षी तारीख का बदलते?

आषाढ शुद्ध द्वितीयेला. तिथी ठरलेली, इंग्रजी तारीख हलते: २०२३ ला २० जून, २०२४ ला ७ जुलै, २०२५ ला २७ जून. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १६ जुलैला.

रथ तीन. जगन्नाथाचा नंदिघोष १६ चाकांचा, बलभद्राचा तालध्वज १४ चाकांचा आणि सुभद्रेचा दर्पदलन १२ चाकांचा. दरवर्षी नवे बांधतात. मंदिरापासून गुंडीचा मंदिरापर्यंत साधारण तीन किलोमीटर ओढत नेतात. अंधार पडला की ओढणं थांबतं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. शुद्ध दशमीला परतीची बाहुडा यात्रा.

आता माझं मत. धडधाकट, तिशी-चाळिशीतली चार माणसं असाल तर एकदा आयुष्यात जाच. साठीच्या पुढची माणसं आणि लहान पोरं घेऊन जाऊ नका. वणीच्या चैत्रयात्रेची किंवा सारंगखेड्याच्या बाजाराची गर्दी पाहिली म्हणून पुरीच्या गर्दीचा अंदाज येत नाही. २९ जून २०२५ ला गुंडीचा मंदिराजवळ पहाटेच्या चेंगराचेंगरीत तीन भाविक गेले. दोर ओढायला मिळाला नाही तरी चालेल, पण बडदांडावर, म्हणजे त्या मोठ्या रस्त्यावर, एखाद्या गच्चीत जागा मिळते का ते आधी बघा.

६. रथयात्रेच्या आधी आठ दिवस गेलो तर गर्दीही नाही आणि दर्शनही निवांत, बरोबर ना?

हीच चूक मी केली. वीस माणसं, त्यात आठ बायका पंचावन्नच्या पुढच्या. सिंहद्वारासमोर उभं राहिल्यावर कळलं की देव आजारी आहेत.

ज्येष्ठ पौर्णिमेला, स्नानपौर्णिमेला, देवांना बाहेरच्या मंडपात १०८ घड्यांनी न्हाऊ घालतात. त्यानंतर त्यांना ताप येतो, असा तिथला भाव. पुढचे साधारण पंधरा दिवस अणसर: मूर्ती आत ठेवतात, दर्शन बंद, सेवक औषधपाणी करतात. त्या काळात मूर्तींच्या जागी कापडावर रंगवलेल्या पटचित्रांचं दर्शन घ्यावं लागतं. आमच्यातल्या एका काकू म्हणाल्या, "देवले बी ताप येस, मंग आपलं काय!" आणि हसल्या. बाकीचे हसले नाहीत.

त्या दिवसांत ओडिशातले लोक ब्रह्मगिरीच्या अलारनाथाला जातात. पुरीपासून पंचवीसेक किलोमीटर, चतुर्भुज विष्णूची मूर्ती, आणि प्रसादाची खीर. आम्हीही गेलो, आणि फेरी थोडी सावरली.

म्हणून कॅलेंडरवर दोन खुणा करा: ज्येष्ठ पौर्णिमा आणि आषाढ शुद्ध द्वितीया. या दोहोंच्या मधल्या दिवसांचं तिकीट काढू नका. अणसर संपताना नवयौवन दर्शन, म्हणजे बऱ्या झालेल्या देवांचं पहिलं दर्शन, होतं, पण त्याच्या भरवशावर राहू नका. २०२४ ला तिथी अशा जुळल्या की नेत्रोत्सव (देवांचे डोळे रंगवण्याचा विधी), नवयौवन आणि रथयात्रा एकाच दिवशी आली. नवयौवन दर्शन लोकांना मिळालंच नाही आणि रथ दोन दिवस ओढले गेले.

७. रथ गुंडीचाला गेल्यावर मुख्य मंदिर रिकामं असतं का?

गाभाऱ्यातल्या रत्नवेदीवर तिघे नसतात. दर्शन गुंडीचा मंदिरात घ्यायचं. परत आल्यावरही देव लगेच आत जात नाहीत, सिंहद्वारासमोर रथांवरच राहतात. एकादशीला त्याच रथांवर त्यांना सोन्याचे दागिने चढवतात, तो सुनाबेश. आत प्रवेश बहुधा त्रयोदशीला. म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेपासून मोजलं तर जवळजवळ महिनाभर गाभाऱ्यातलं नेहमीचं दर्शन नाही.

८. आम्ही वारकरी. वारी आणि रथयात्रा एकाच वर्षी जमेल का?

पायी वारी करणार असाल तर नाही. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून ज्येष्ठातच निघते, द्वितीयेला ती वाटेवर असते. आणि पुरीचा सुनाबेश ज्या एकादशीला, तीच आपली आषाढी. एका दिवशी विठ्ठल आणि जगन्नाथ दोघांपुढे उभं राहणं कुणालाच शक्य नाही. वारी करा, पुरी माघात.

९. श्रावणात पुण्य जास्त, मग श्रावणात गेलो तर?

पुरीत वर्षाला आपल्या जवळपास दुप्पट पाऊस पडतो, आणि श्रावणात तो भरात असतो. मंदिर चालू, दर्शन चालू, झुलण उत्सव पाहायला मिळतो. लोकनाथाच्या मंदिरात कावडवाल्यांची रीघ असते. समुद्रात मात्र उतरू नका. पुरीचा किनारा एरवीही खेचणारा आहे. तिथले नोलिया, म्हणजे कोळी जीवरक्षक, हात धरून स्नान घालतात, आणि त्यांनी नको म्हटलं की नको.

शिवाय नागपंचमीनंतरच्या रविवारी ज्यांच्या घरी कानबाई बसते, त्यांना कोण सोडणार? आमच्या घरी तर हा प्रश्न निघालाच नाही.

१०. वादळाची भीती कोणत्या महिन्यांत?

बंगालच्या उपसागराचे दोन काळ: पावसाच्या आधी एप्रिल-मे आणि पावसानंतर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. ३ मे २०१९ ला फणी वादळ थेट पुरीजवळ धडकलं. सरकारनं दहा लाखांहून अधिक लोकांना आधीच हलवलं होतं म्हणून जीवितहानी आवाक्यात राहिली, पण शहराचे हाल झाले. १९९९ चं महाचक्रीवादळ २९ ऑक्टोबरचं, फायलिन २०१३ च्या ऑक्टोबरमधलं, दाना २०२४ च्या ऑक्टोबरमधलं. जून-जुलैत पाऊस धो धो असला तरी मोठी वादळं कमी.

म्हणून ऑक्टोबरमध्ये जाऊच नये का? जा, पण निघण्याच्या चार दिवस आधीपासून हवामान खात्याचा इशारा बघा. वादळ आलं की रेल्वे गाड्या रद्द करते आणि रद्द गाडीचे पैसे परत मिळतात. खोलीचे मिळतील की नाही ते आधी विचारून घ्या.

११. कार्तिक महिन्यात पुरीला जायचं म्हणतात. दिवाळीनंतर निघालो तर कार्तिक मिळेल ना?

अर्धाच मिळेल, आणि तोही सगळ्यात गर्दीचा अर्धा.

आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. कोजागिरी झाली की दुसऱ्या दिवशी ओडिशाचा कार्तिक सुरू. २०२५ मध्ये त्यांचा कार्तिक ८ ऑक्टोबरला लागला आणि ५ नोव्हेंबरच्या पौर्णिमेला संपला. आपला लागला २२ ऑक्टोबरला. आपल्या कार्तिकाच्या वद्य पक्षात तुम्ही पुरीला पोचलात तर तिथं मार्गशीर्ष चालू झालेला असतो. शुद्ध पक्षात मात्र दोघांचा महिना एकच असतो, म्हणून रथयात्रेच्या तिथीत असा घोळ होत नाही.

कार्तिकात महिनाभर हविष्यान्नाचं व्रत धरून राहणाऱ्या हजारो बायका पुरीत मुक्काम करतात. शेवटचे पाच दिवस, एकादशी ते पौर्णिमा, पंचुक म्हणतात. देवाला रोज वेगळा वेश असतो आणि मंदिरात पाय ठेवायला जागा नसते. जळगावकर मंडळी तर कार्तिकी एकादशीला आपला रामाचा रथ सोडून हलत नाहीत, ते आपोआप वाचतात. गर्दी टाळून कार्तिक हवा असेल तर कोजागिरीनंतरचा पंधरवडा धरा, वादळाची जोखीम ओळखून.

जाता जाता: मार्गशीर्षातले गुरुवार ओडिशातही लक्ष्मीचेच. घरोघरी उंबऱ्यापासून तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. आमच्या बायकांना हे पाहून इतकं घरचं वाटलं की दर्शनापेक्षा त्याच्याच गप्पा परतीच्या गाडीत जास्त झाल्या.

१२. कोणत्या सुट्ट्या टाळायच्या?

बंगालच्या. कोलकात्याहून पुरी रात्रभराच्या अंतरावर, त्यामुळे दुर्गापूजा, नाताळ आणि एक जानेवारीला सगळं बंगाल तिथं असतं. खोल्यांचे भाव त्याच हिशेबानं चढतात. शनिवार-रविवारही टाळा. सोमवारी पोचून गुरुवारी निघणारी फेरी सगळ्यात सुखाची.

१३. शेतीच्या कामातून वेळ कधी काढायचा?

कापूसवाल्यांना ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणी, मजूर मिळण्याची मारामार. पुन्हा मृगाच्या आधी शेत तयार करायचं. मध्ये मोकळा उरतो तो माघ, आणि तोच पुरीला उत्तम. गहू, हरभरा उभा असतो, पण पाणी द्यायला घरात एक माणूस ठेवला की भागतं. केळीवाल्यांचं कठीण. मृगबाग असो की कांदेबाग, बाग कुणालाच सुट्टी देत नाही. रावेर-यावलची मंडळी भावाभावांत पाळी लावून दोन तुकड्यांत येतात, हा उपाय मला आवडला.

१४. आईचे गुडघे दुखतात. तिला घेऊन कधी?

फक्त हिवाळ्यात. सिंहद्वारातून आत गेल्यावर बाईस पहाच, म्हणजे २२ पायऱ्या आहेत, शिवाय लांब चालणं आणि उभं राहणं. थंडीत दगड गार लागतो, मेमध्ये पोळतो (प्रश्न ४). पहाटे जाऊ द्या, पण भर जानेवारीत तिला स्वेटर द्या, समुद्राचा वारा कानात शिरतो. मंदिराभोवतीचा परिक्रमा मार्ग १७ जानेवारी २०२४ ला खुला झाल्यापासून बाहेरचं चालणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय.

१५. कोणार्क आणि चिलिका त्याच फेरीत होतील का?

होतील. कोणार्क ३५ किलोमीटर. तेराव्या शतकातल्या नरसिंहदेवाचं सूर्यमंदिर सकाळी बघा, अकरानंतर सावली शोधत फिराल. चिलिकाला सातपाड्याहून नाव मिळते, डॉल्फिन दिसतात. परदेशी पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

रथसप्तमीला कोणार्कजवळ समुद्रकाठी पहाटस्नानाची मोठी जत्रा भरते. त्या जागेचं नाव चंद्रभागा. हे नाव ऐकलं की आपल्या माणसांचे डोळे चमकतात आणि सगळे तिकडं निघायचं म्हणतात. जायला हरकत नाही. गाडी आदल्या दिवशी ठरवा, नाहीतर वाटेतच सूर्य वर येईल.

१६. एकादशीला पुरीत असलो तर उपास करायचा की महाप्रसाद घ्यायचा?

हा प्रश्न वारकरी घरांतून हमखास येतो. पुरीत जगन्नाथाच्या भाताला एकादशीचा अडसर नाही. तिथली समजूत अशी की देवानं एकादशीला बांधून टाकलंय. मंदिराच्या आवारातल्या आनंदबाजारात एकादशीलाही भात विकला जातो आणि जातपात न बघता एका पानावर खाल्ला जातो. आमच्यातल्या काहींनी नमस्कार करून कणभर तोंडात टाकला, काहींनी द्वादशीला पोटभर खाल्ला. वाद झाला नाही. घरात वाद होण्याची धास्ती असेल तर एकादशी टाळून तारीख धरा.

हा प्रसाद कांदा-लसणाविना असतो. शेवभाजीवर वाढलेल्या जिभेनं तिसऱ्या दिवशी कुरकुर केली तर पिशवीत ठेचा असू द्या, मंदिराबाहेर खायला.

१७. अधिक महिन्यात गेलं तर?

अधिक मास म्हणजे पुरुषोत्तम मास आणि पुरी म्हणजे पुरुषोत्तम क्षेत्र, म्हणून ओढ साहजिक आहे. पण अधिक महिना कोणत्या ऋतूत येतो ते पाहा. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे प्रश्न ४ मधला दमट उकाडा लागू.

अधिक आषाढ आला तर गोष्टच वेगळी. त्या वर्षी नवकलेवर: कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडवतात आणि जुन्या मंदिराच्या आवारातच पुरतात. १९९६ आणि २०१५ ला झालं. त्या वर्षी अणसर पंधरा दिवसांचं न राहता दीड महिन्याचं होतं. त्यामुळे प्रश्न ६ मधल्या खुणा त्या वर्षी चालत नाहीत.

१८. कपड्यांचं, मोबाइलचं काही बंधन?

१ जानेवारी २०२४ पासून हाफ पँट, फाटक्या जीन्स, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. मोबाइल आणि चामड्याच्या वस्तू बाहेर ठेवायच्या, म्हणजे पट्टा आणि पाकीटसुद्धा. पान-गुटखाही आत बंद. यावर आमच्या दोन भाऊंनी सिंहद्वारापाशी जे तोंड केलं होतं ते अजून आठवतं. प्रवेश फक्त हिंदूंना.

१९. सगळं जुळवून बुधवारी संध्याकाळी पोचलो तर दार बंद! असं का?

बनकलागी असेल. देवांच्या मुखावरचे नैसर्गिक रंग ताजे करण्याचा हा गुप्त विधी आहे. तो बहुधा बुधवारी किंवा गुरुवारी होतो, आणि तेवढे चार-एक तास दर्शन थांबवतात. तारीख मंदिर प्रशासन आधी जाहीर करतं. ती न बघता पोचलात तर त्या वेळात किनाऱ्यावर जा आणि रात्री जेवणाआधी परत या. परतीची गाडी त्याच रात्रीची मात्र ठेवू नका.